कोंबडी कोणाची?

एकाच गावात दोन घरे आहेत असे समजू. पहिले घर डांबरी सडकेलगतच्या शेतात आहे. मालकाकडे दोन एकर जमीन. तिच्या एका कडेला बँकेचे कर्ज काढून त्याने लांबलचक शेड उभारली असून तीत पाच हजार पांढरे पक्षी वाढत आहेत. दुसरे घर गावकुसाजवळच्या वस्तीत एका भूमिहीन शेतमजूर स्त्रीचे. तिच्या दाराशी माती आणि कुडाचे एक खुराडे आहे. त्यात सहा कोंबड्या आणि दोन कोंबडे. दोन्ही घरी एकाच दिवशी पाहुणा आला. शेतमजूर स्त्रीने दिवेलागणीला खुराड्यातला कोंबडा धरला, कापला आणि चुलीवर शिजत घातला. पाच हजार पक्ष्यांचा सांभाळ करणाऱ्या शेतकऱ्याने मात्र मुलाला मोटारसायकलवरून तालुक्याच्या बाजारात कोंबडी विकत आणावयास धाडले. कारण शेडमधील एकाही पक्ष्यावर त्याची मालकी नाही. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे आणि वाढलेला पक्षीही कंपनीचाच. त्यातला एक जरी त्याने स्वतःच्या घरासाठी कापला, तरी तो कराराचा भंग ठरतो.

ही विनोदाची गोष्ट नव्हे. उत्पादनसाधने कोणाच्या मालकीची, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात कितीही रुक्ष वाटो, खुराड्यापाशी उभे राहिले की तो अगदी स्वच्छ दिसू लागतो. पक्षी केव्हा विकावयाचा, केव्हा राखावयाचा आणि केव्हा कापून खावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजेच मालकी. हा अधिकार पाच हजार पक्ष्यांच्या शेतकऱ्यापाशी नाही आणि सहा कोंबड्यांच्या मजूर स्त्रीपाशी आहे. ग्रामीण दारिद्र्याविषयी कळकळीने बोलणाऱ्यांनी या विसंगतीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते, तितके आजवर दिलेले नाही.

करारावरील ब्रॉयलर-पालन १९९० नंतरच्या दशकात तमिळनाडूतील कोइमतूरच्या परिसरात रुजले व पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरले. त्याची रचना सरळ आहे. कंपनी एक दिवसाचे पिल्लू, खाद्य, औषधे आणि देखरेख पुरविते. शेतकरी जागा, शेड, पाणी, वीज, तूस आणि सर्व कुटुंबाचे श्रम पुरवितो. सुमारे चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरला की कंपनीची गाडी माल उचलते व शेतकऱ्याला किलोमागे संगोपनाचा दर मिळतो. मरतूक अधिक झाली किंवा वजनाच्या मानाने खाद्य जास्त लागले, तर त्या दरात कपात होते. पिल्लूच अशक्त आले होते की खाद्य निकृष्ट होते, हे तपासण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नसते. शेडचे कर्ज त्याच्या नावावर. पुढची पिल्ले केव्हा येणार, हे ठरविणार कंपनी. जुन्या काळी सावकार सूत द्यायचा व विणकराकडून कापड घेऊन जायचा. माग घरातच असे, पण विणकर मजूर होऊन बसे. हा व्यवहार त्याच जातीचा आहे.

तथापि या व्यवस्थेला नुसती दूषणे देऊन भागणार नाही. बाजारभाव कोसळला तर त्याचा पहिला फटका कंपनी सोसते, ही गोष्ट शेतकऱ्याला आकर्षित करते आणि ते स्वाभाविकही आहे. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीपासून करोना होतो अशी अफवा पसरली, तेव्हा स्वतःच्या भांडवलावर पक्षी वाढविणाऱ्यांवर माल फुकट वाटण्याची, काही ठिकाणी तर खड्ड्यात पुरण्याची पाळी आली. शिवाय शहरातील रोजंदारीच्या कामगाराच्या ताटात आठवड्यातून एकदा मांस येऊ लागले, ते या उद्योगानेच. स्वस्त मांस ही श्रमिकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. पण स्वस्ताईची काही किंमत दुसऱ्याच खात्यावर मांडली जाते, हेही तितकेच खरे. दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. इतर औषधे निकामी ठरल्यावर माणसाचा जीव वाचविण्यासाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यातून दिले जात होते. ते केंद्र शासनाला २०१९ मध्ये बंद करावे लागले.

आता दुसऱ्या घराकडे वळू. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम पन्नास-साठ अंडी घालते. खुडूक झाली की एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पुढे दोन-अडीच महिने पिल्ले घेऊन फिरते, आणि तेवढ्या काळात अंडे देत नाही. पिंजऱ्यातील सुधारित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. ब्रॉयलर जे वजन चाळीस दिवसांत गाठतो, त्याच्या निम्म्यापर्यंत जावयास गावठी पिल्लाला चार-पाच महिने लागतात. एवढ्यावरून नियोजनकारांनी या कोंबडीला अनुत्पादक ठरवून टाकले. परंतु उत्पादकता हा भागाकार आहे; नुसता अंश पाहून तो होत नाही, छेदही पाहावा लागतो. गावठी कोंबडी खळ्यात सांडलेले दाणे, उकिरड्यावरचे किडे, वाळवी, उष्टेमाष्टे यांवर जगते. माणसाच्या तोंडचे धान्य ती फारसे घेत नाही. भांडवल म्हणाल, तर एक तलंग. तीही पुष्कळदा शेजारणीने अर्धलीने दिलेली. पैशाने मोजल्यास रुपयामागे इतके फळ देणारे दुसरे जनावर खेड्यात नाही. गाईला वैरण लागते, शेळीला राखण्या लागतो, कोंबडीला संध्याकाळी खुराड्याचे दार लावणारा हात पुरतो.

हा हात जवळजवळ नेहमी स्त्रीचा असतो, आणि फुकट धरला जातो तो तिचाच श्रम. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, बैल असलाच तर तोही पुरुषाच्या हुकमतीतला. जिच्यावर पुरुषाने सहसा हक्क सांगितलेला नाही अशी मत्ता म्हणजे कोंबडी. मुलाला ताप आला, वह्यापुस्तके आणावयाची झाली, दिवाळीला मुलीला आणावयाची झाली की आठवड्याच्या बाजारात डालग्याखाली दोन कोंबड्या घेऊन ती बसते. आषाढात जत्रांमुळे भाव चढतो, श्रावणात उतरतो, हे तिला कोणत्याही कृषिपत्रिकेशिवाय ठाऊक असते. बँक ज्यांना दाराशी उभे करीत नाही, त्यांची बचत अशी खुराड्यात असते.

ही पद्धत कालबाह्य होत चालली आहे, असा समज सार्वत्रिक आहे. आकडे तसे सांगत नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या-बदकादी पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत व्यापारी पक्ष्यांची वाढ ४.५ टक्के, तर परसातील पक्ष्यांची ४५.८ टक्के. गोरगरिबांनी एखादी गोष्ट आपण होऊन इतक्या मोठ्या प्रमाणावर धरून ठेवली, तर ती अज्ञानाने नव्हे, हिशेबाने धरलेली असते.

घरच्या मांसाचा विचार करताना कापण्याच्या कामाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सुशिक्षित समाज मांस खातो, पण ते कसे तयार होते याचा उल्लेख टाळतो. आणि ज्यांच्या घरी ते उघडपणे होते, त्यांना थोडे कमी लेखतो. या नाक मुरडण्यात जातीचा वास आहे. वास्तविक घरी नीट कापलेली कोंबडी कमी क्रूर आणि अधिक स्वच्छ असू शकते. पक्षी आदल्या रात्रीपासून उपाशी, पण पाण्यावर ठेवावा. त्याला पाय बांधून उलटे लटकवून कोसभर नेऊ नये. सुरी धारदार असावी आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका घावात तुटाव्यात. रक्त पूर्ण निथळू द्यावे. उकळत्या नव्हे, तर हात सोसणार नाही इतपत कढत पाण्यात बुडवून पिसे काढावीत. आतडे व पित्ताची पिशवी न फोडता बाहेर काढावी. आणि पिसे व घाण उकिरड्यावर न फेकता खोल पुरावी. यातील बहुतेक गोष्टी घरोघरीच्या जाणत्या माणसांना व गावच्या मुलाण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. कायदाही या लहान व्यवहाराच्या आड येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अन्नासाठी केलेल्या वधाला, अनावश्यक यातना न दिल्यास, वगळतो. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणाऱ्या विक्रेत्याला मोठ्या परवान्याची गरज नसते, साधी नोंदणी पुरते. ही माहिती नसल्यामुळे बाजारातील लहान विक्रेता कोणाही शिपायापुढे हात जोडून उभा राहतो.

मात्र चुलीपाशी आणखी एक विसंगती आहे व तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोंबडी जिने वाढविली, साफ केली, शिजविली, तिच्या ताटात अखेरीस रस्सा आणि हाडे उरतात. टांग पाहुण्याला, मग घरच्या पुरुषांना, मग मुलग्यांना. विकलेल्या कोंबडीचे पैसे पदराच्या गाठीत राहतातच असेही नाही. संध्याकाळी ते मागून घेतले जातात. खुराड्यावरील मालकी घरातील विषमता आपोआप मिटवीत नाही. ती फक्त एक पाय टेकावयास जागा देते. त्या जागेवर उभे राहून पुढचा लढा लढावयाचा असतो.

ही जागाही सुरक्षित नाही. तिचा सर्वांत मोठा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत हा रोग. एका कोंबडीची मान वाकडी झालेली दिसली की आठवड्याभरात अख्ख्या वस्तीची खुराडी रिकामी होतात. दहा पिल्ले निघाली, तर घार, मुंगूस, रानमांजर आणि हा रोग यांच्या तडाख्यातून अनेकदा निम्मीही हाती लागत नाहीत. मानमोडीवर लस आहे आणि ती महाग नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकला व पुढे वेळेवर पुन्हा लस टोचली, की पक्षी बहुतांशी वाचतो. मग अडते कोठे? लसीची कुपी येते शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या मालकिणीला ती बाटली घेऊन करावयाचे काय? शास्त्र लागले, लस तयार झाली, पण तिचे माप मात्र मोठ्या शेडचे राहिले. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता तुलनेने अधिक सोसणारी आय-२ ही लस टांझानिया, मोझांबिक यांसारख्या देशांत गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन डोळ्यात थेंब टाकून दिली. तेथे जमले ते येथे जमू नये, याला तांत्रिक कारण नाही.

रोग आणि दारिद्र्य यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते, आणि ते ठिकाण सर्वांच्याच जिवावर बेतणारे आहे. कोंबड्या मरू लागल्या की गरीब घर त्यातल्या त्यात जिवंत दिसणारी कोंबडी घाईने कापते किंवा स्वस्तात विकून टाकते. आजारी पक्षी कापणे, त्याची पिसे उपटणे, त्याचे रक्त हाताळणे हे बर्ड फ्लूच्या दिवसांत अत्यंत धोक्याचे असते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतात प्रथम या रोगाची नोंद झाली. तो आढळला मोठ्या शेडमध्ये. पण मारल्या गेलेल्या पक्ष्यांत भोवतालच्या गावांतील आदिवासींच्या घरच्या कोंबड्याही होत्या. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रोगाचा घाला प्रामुख्याने घरोघरच्या पक्ष्यांवरच पडला. २०२१ मध्ये नवापूर पुन्हा सापडले, आणि त्याच वर्षी दिल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलाचा या विषाणूने बळी घेतला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेरला, १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या त्या गावात, घरोघरच्या कोंबड्या मारण्याची वेळ आली.

अशा वेळी पक्षी मारणे अपरिहार्य असते, हे मान्य करावेच लागेल. प्रश्न भरपाईचा आहे. भरपाईचा दर पक्ष्याच्या प्रकारावरून व वयावरून ठरतो. खुडूक होऊन ती कोंबडी पुढील वर्षी जी पिल्ले काढणार होती, ती त्या हिशेबात कोठेच येत नाहीत. ज्या बाईपाशी पावती नाही, नोंद नाही, खाते तालुक्याच्या गावी आहे, तिला पैसे केव्हा मिळावेत? ते उशिरा मिळणार किंवा मिळणारच नाहीत असे वाटले, की माणसे कोंबड्या माळ्यावर लपवितात, रात्री नातेवाइकाकडे पोहोचवितात, नाहीतर कापून खातात. आणि रोग त्यांच्याबरोबर पुढच्या गावी जातो. म्हणून जागच्या जागी रोख भरपाई ही गरिबांवरील मेहेरबानी नव्हे. ती सार्वजनिक आरोग्याची पहिली पायरी आहे.

शासन परसातील कोंबडीसाठी काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळूरची गिरिराजा, हैदराबादची वनराजा अशा जाती सार्वजनिक संशोधन संस्थांनी घडविल्या. त्या लवकर वाढतात, अंडी अधिक देतात, रंगीत असल्यामुळे बाजारात गावठीसारख्या खपतात. परंतु या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्ले हवी असल्यास पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात जावे लागते. गावठी कोंबडी आपली पुढची पिढी आपण काढते. सुधारित कोंबडीची पुढची पिढी दुसऱ्याच्या हाती असते. बियाण्याच्या बाबतीत शेतकऱ्याने जो अनुभव घेतला, तोच येथे येतो. २०२१ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची फेररचना झाली. तीत किमान हजार पक्ष्यांचे मातृक्षेत्र व उबवणी केंद्र उभारणाऱ्या उद्योजकास खर्चाच्या निम्मे, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत, अनुदान ठेवले आहे. पिल्ले गावाजवळ मिळाली तर हवीच आहेत. पण २५ लाखांचे अनुदान घेण्यासाठी तेवढीच रक्कम स्वतःची किंवा कर्जाची उभी करावी लागते. ती कोण उभी करू शकतो, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. आणि जेथे शासन पोहोचत नाही, तेथे कोण पोहोचते, हे २०१९ मध्ये सांगली, सातारा, कोल्हापूरकडील शेतकऱ्यांनी पाहिले. कडकनाथ कोंबडीची अंडी व पक्षी चढ्या भावाने परत विकत घेण्याच्या आश्वासनावर त्यांच्याकडून पैसे गोळा झाले, आणि पुढे खरेदी बंद पडली.

मोठ्या उद्योगाचा गुलाम किंवा एकाकी खुराडे, याखेरीज तिसरी वाट नाहीच काय? मध्य प्रदेशात, पूर्वीच्या होशंगाबाद व आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील केसला येथे गोंड व कोरकू स्त्रियांनी ती काढून दाखविली आहे. त्यांनी घराशेजारी चारपाचशे पक्ष्यांच्या लहान शेड बांधल्या. पिल्ले, खाद्य, औषधोपचार आणि विक्री यांसाठी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. येथेही पक्षी ब्रॉयलरच आहे, आणि बाईला मोबदला तिने पक्षी किती चांगला वाढविला यावरून मिळतो. बाजारातील चढउतार संस्था अंगावर घेते. वरवर पाहता कंपनीच्या करारासारखीच ही रचना आहे. फरक एवढाच की संस्था तिच्या स्वतःच्या मालकीची आहे. पण सारा फरक त्या ‘एवढ्याच’त आहे. म्हणजे दोष शेडमध्ये नाही, यंत्रात नाही, पांढऱ्या पक्ष्यातही नाही. दोष मालकीच्या संबंधात आहे, आणि संबंध बदलता येतात.

सहा कोंबड्यांनी दारिद्र्य हटेल, असे कोणी मानू नये. जमिनीचे वाटप, किमान वेतन, रोजगाराची हमी यांची जागा खुराडे घेऊ शकत नाही. तसे भासविणाऱ्या योजनांपासून सावधच राहिले पाहिजे. परंतु मोठ्या लढ्याचे नाव घेऊन लहान कामे टाळण्याची खोड चळवळीला लागलेली आहे, ती काही कमी घातक नाही. येथे करावयाच्या गोष्टी नेमक्या आहेत. गावोगाव एक-दोन स्त्रियांना लस देण्याचे शिक्षण मिळावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने ठरल्या दिवशी त्यांच्या हाती थंड पेटी द्यावी. सगळ्या वस्तीच्या कोंबड्या एकाच सकाळी लसीखाली आल्या की शंभर मात्रांची कुपी वाया जात नाही. परसातील पक्ष्यांची नोंद ग्रामपंचायतीत स्त्रीच्या नावावर व्हावी, म्हणजे भरपाईच्या वेळी तिला पुरावा शोधत फिरावे लागणार नाही. भरपाई पक्षी मारण्याच्या दिवशीच मिळावी. आठवड्याच्या बाजारात कोंबड्या कापणाऱ्यांसाठी ओटा, पाणी आणि घाण पुरण्याची सोय असावी. कराराने पक्षी वाढविणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना बांधून पिल्लांचा दर्जा, वजनाचा काटा व कपातीचे नियम यांवर कंपनीशी सामुदायिक बोलणी व्हावीत.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. तालुक्याच्या गावी दोन मोर्चे आणि पंचायत समितीत चार खेपा घातल्या तर त्यांतील निम्म्या पदरात पडतील. मानमोडी उन्हाळ्याच्या तोंडावर हटकून येते. तेव्हा लसीच्या पेटीची मागणी माघातच दवाखान्यात पोहोचली पाहिजे. खुराडी रिकामी झाल्यावर काढलेल्या मोर्चाचा त्या बाईला काही उपयोग नाही.